डावीकडून येणारं जहाज

आमची ताई जहाजावर असते असं सांगितलं की लोक आधी तिला एअर होस्टेस करून टाकतात. विमान आणि जहाज यातला फरक सांगितला की म्हणतात, अच्छा, म्हणजे नेव्ही. तेही नाही म्हटलं की शेवटी तिला क्रूझवर पाठवतात आणि तिच्या हातात सरबताचा ट्रे देतात. आमची ताई मालवाहू जहाजावर डेक कॅडेट होती. डेक कॅडेट म्हणजे जहाज चालवायला शिकणारा उमेदवार. पण शिकण्यातला निम्मा वेळ ती पत्र्यावरचा गंज खरवडत होती आणि उरलेल्या वेळात त्याला रंग मारत होती. हे मी नातेवाइकांना सांगत नाही. त्यांना ट्रेच बरा वाटतो.

आम्ही इंदापूरचे. आमच्याकडं पाणी म्हणजे उजनीचा फुगवटा. त्याच्यावर मच्छीमारांच्या होड्या, आणि थंडीत फ्लेमिंगो बघायला आलेले पुण्याचे लोक, जे फ्लेमिंगोपेक्षा जास्त आवाज करतात. समुद्र आमच्या घरात कुणी चाखूनसुद्धा बघितला नव्हता. तरी बारावीनंतर ताईनं लोणी काळभोरला मर्चंट नेव्हीच्या कॉलेजात ॲडमिशन घेतली. लोणी काळभोरला उतरलं की एकीकडं सोलापूर हायवे आणि दुसरीकडं ऊस. चुलते म्हणाले, जहाज काय कॅनॉलमध्ये चालवायला शिकवणार हायेत का? ताई म्हणाली, हो, आणि पाळी आली की उसाला पाणी पण देणार आहोत. त्यानंतर चुलत्यांनी विषय काढला नाही.

पप्पा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. त्यांचा आवाज मी झोपेतही काढू शकतो, कारण त्यांचा एक शब्द आमच्या घरात भिंतीतून ऐकू येतो. "नक्की का?" मशीनमधून तिकीट बाहेर आलं की ते परत आत जात नाही, म्हणून पप्पा बटण दाबायच्या आधी प्रत्येक पॅसेंजरला विचारायचे, भिगवणच ना, नक्की का? आणि जो माणूस भिगवणात जन्मला, तिथंच लग्न केलं, तिथंच दुकान टाकलं, तोसुद्धा क्षणभर विचारात पडायचा. घरी पण तेच. ताईनं सायन्स घेतलं, नक्की का गं? लोणी काळभोरचा फॉर्म भरला, नक्की का गं? ओरडून कधीच नाही. पाठीवर हात ठेवून विचारायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं, पण ते पुढं येईल.

मी पुण्यात खराडीला एका कंपनीच्या सपोर्टमध्ये आहे. हेडसेट घालून परदेशातल्या माणसांना त्यांचेच राउटर बंद-चालू करायला लावतो. माझे तीन ॲक्सेंट आहेत, शिफ्टप्रमाणे बदलतो. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढला म्हणून मी वेताच्या छड्या खाल्ल्या, आणि आता कंपनी त्याच गुणाचा पगार देते. चंदननगरला माझी एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. जहाजावरून उतरल्यावर ताई परीक्षेच्या अभ्यासासाठी तिथं राहायला आली. खोली माझी, पण ती आल्यापासून मी स्वयंपाकघरात झोपायला लागलो. जहाजावर यालाच शिस्त म्हणतात असं तिनं सांगितलं.

आता परीक्षेचं सांगतो. सेकंड मेट म्हणून तिची एक परीक्षा असते, ती पास झाली की जहाजावर ऑफिसर म्हणून घेतात. लेखी पेपर ताईनं पहिल्या झटक्यात काढले. राहिली तोंडी परीक्षा, तिला त्यांच्यात ऑरल्स म्हणतात. ती मुंबईला, सरकारी ऑफिसात. समोर बसलेला माणूस स्वतः एकेकाळी कॅप्टन असतो. तो टेबलावर छोटी लाकडी जहाजं मांडतो आणि म्हणतो, हे तुझं, हे दुसऱ्याचं, काय करशील? ताई या प्रश्नावर दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा एकाच नियमावर, आणि तो नियम तिला पाठ होता.

नियम असा आहे. समुद्रावर सिग्नल नाही, झेब्रा क्रॉसिंग नाही, झाडाआड उभा राहिलेला ट्रॅफिक पोलीस नाही. कायदा मात्र आहे आणि तो जगभर एकच आहे. दोन जहाजं एकमेकांना आडवी येत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज दिसतंय त्यानं वाट द्यायची. ज्याच्या डाव्या हाताला दिसतंय त्यानं आपली दिशा आणि आपला वेग आहे तसाच ठेवायचा. या दुसऱ्या जहाजाला स्टँड-ऑन म्हणतात. मला पहिल्यांदा हे ऐकून हसू आलं. आमच्या शाळेत 'स्टँड ऑन' एकाच कामाला वापरायचे, 'स्टँड ऑन द बेंच'. माझं अर्धं इंग्लिश बाकावर उभं राहूनच झालंय. मी ताईला म्हटलं, म्हणजे त्या जहाजानं गुन्हा केलाय का? ती म्हणाली, नाही, त्याचंच बरोबर आहे, म्हणून त्यानं हलायचं नाही. मला ही नोकरी फार सोपी वाटली. काही करायचंच नाही.

पण ताई तिथंच पडायची. परीक्षकानं डावीकडून दुसरं जहाज सरकवलं, ताईनं बरोबर उत्तर दिलं की मी दिशा आणि वेग कायम ठेवीन, त्यानं चष्म्यावरून बघून फक्त विचारलं, "शुअर?" की हिनं लगेच उत्तर बदललं. पहिल्या वेळी म्हणाली, मग मी वेग कमी करते. दुसऱ्या वेळी म्हणाली, मग मी डावीकडं वळते. डावीकडं म्हणजे थेट त्या येणाऱ्या जहाजाच्या अंगावर, आणि ते तर नियमात स्पष्ट लिहिलंय की करू नका.

दोनदा पडल्यावर तिनं पप्पांना फोन करून सांगून टाकलं की आता हे शेवटचं. नाही झालं तर मी खराडीत नोकरी धरते. ती नुसतं बोलून थांबली नाही, आमच्याच कंपनीत इंटरव्ह्यू देऊन आली. सुपरवायझरला तिचा आवाज आवडला. ऑरल्सच्या पुढच्या सोमवारी जॉइनिंग होतं आणि माझ्या शेजारची खुर्चीसुद्धा तिला दाखवून झाली होती. मला ताई शेजारी बसलेली आवडली असती, डब्यातली भाजी तरी चांगली मिळाली असती. पण जिनं वादळात जहाजाच्या टोकाला जाऊन दोर बांधले, ती माणसांना "सर, केबल काढून परत लावता का?" म्हणणार, हे माझ्या डोक्यात बसेना. तिच्या पण बसत नव्हतं. ती खुर्ची बघून आल्यावर ती दोन दिवस माझ्याशी नीट भांडली नाही.

म्हणून मी परीक्षक झालो.

ताईनं वर्णन केलं तसा आवाज मी बनवला. थोडे आमचे हेडमास्तर, थोडा स्टँडवरचा गाड्या पुकारणारा माणूस, आणि वर एक चमचा इंग्लिश. दोन चपला जमिनीवर मांडायच्या, तिची कोल्हापुरी ही तिचं जहाज, माझी रबरी ही दुसऱ्याची. मी स्टुलावर बसून गरजायचो. अभ्यास करता करता मला पण कायदा कळायला लागला. कायद्यात कॅप्टनला कॅप्टन म्हणत नाहीत, मास्टर म्हणतात. हे पप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, मास्तर? जहाजावर पण मास्तर? ताई म्हणाली, हो, आणि त्याच्यापुढं मालकाचंही चालत नाही. मालक असेल तिकडं परदेशात मोठा, पण मास्टर म्हणाला की या वादळात जहाज न्यायचं नाही, तर न्यायचं नाही. बंदरात शिरताना वाट माहीत असलेला पायलट जहाजावर चढतो, तो बोलेल तसं जहाज वळतं, पण कुठं आपटलं तर बहुतेक वेळा विचारतात मास्टरलाच. मी म्हटलं, हे आपल्या घरासारखंच आहे. बोलते मम्मी, आणि लोक जाब विचारतात पप्पांना. पप्पा तिकडून म्हणाले, हे मात्र बरोबर हाय.

तर मी गरजत होतो आणि ताई हलत नव्हती. कितीही ओरडलो तरी, "दिशा आणि वेग कायम ठेवीन." शुअर? शुअर. मी जमिनीवर पाय आपटले, स्टूल पाडलं, खालच्या मजल्यावरच्यांनी काठीनं छत वाजवलं. ताई आपली शांत. तिनं जहाजावर खरे ओरडणारे ऐकले होते, माझं ओरडणं तिला लहान बाळाच्या शिंकेसारखं वाटत असणार. मग मला कळेना की ही तिथं पडते कशी. कंटाळून मी गंमत म्हणून आवाज बदलला. पप्पांचा काढला, तसाच मऊ, जरा खाकरून.

"नक्की का गं?"

ताई जमिनीकडं बघत होती. म्हणाली, "नाही, मग मी वेग कमी करते."

गॅसवर चहा होता, तो उतू गेला. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला आणि म्हणाली, परत कर. मी परत केला. ती परत बदलली. तिसऱ्यांदा केल्यावर तिचं जहाज जमिनीवरून उडालं आणि माझ्या खांद्याला लागलं. कोल्हापुरी चप्पल म्हणजे वजन असतं.

ऑरल्सच्या आधीच्या रविवारी आम्ही मंडईत गेलो. कारण असं की चपला घाण असतात, त्या ओट्यावर मांडता येत नाहीत, आणि जमिनीवर वाकून ताईची पाठ धरली होती. मी म्हटलं काकड्या आणू. लांब असतात, सरळ असतात, परीक्षा झाली की कोशिंबीर. मंडईत ताई एक एक काकडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघायला लागली. भाजीवाल्या मावशींनी थोडा वेळ सहन केलं. मग म्हणाल्या, "बाई, पोटात गेल्यावर सगळ्या सारख्याच असतात." मी सांगितलं की ही जहाजं आहेत. मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग ताईकडं बघितलं, आणि ताईलाच हळू आवाजात विचारलं की भाऊ लहानपणापासून असाच आहे का.

मित्राची दुचाकी मागून आणली होती, ताई चालवत होती, मी मागं. ताईच्या गाडी चालवण्याबद्दल सांगायला हवं. पुण्यात गाडी चालवायची म्हणजे प्रत्येकाची खात्री असते की रस्ता त्याच्या आजोबांनी बांधलाय. आणि ताई एकटीच अशी, की कुणी आडवं आलं की ब्रेक. माणूस आला ब्रेक, रिक्षा आली ब्रेक, कुत्रं आलं तर ती उतरून विचारेल की तुम्हाला आधी जायचंय का. मागचे हॉर्न वाजवत असतात आणि ती "जा, जा तुम्ही" असा हात करत असते.

शुक्रवार पेठेतल्या एका चौकात, जिथं सिग्नल नाही, डावीकडून एक आजोबा जुन्या स्कूटरवरून आले. ताईनं ब्रेक मारला. तिला थांबलेलं बघून आजोबांनीही मारला. ताईनं हात केला, तुम्ही जा. आजोबांनी हात केला, तुम्ही जा. दोघंही निघाले. दोघंही थांबले. परत हात केले. परत दोघंही निघाले, आणि यावेळी दोघांनाही वाटलं की समोरचा थांबेल. आमचं पुढचं चाक त्यांच्या स्कूटरच्या पोटात हळूच जाऊन टेकलं. पडलं कुणी नाही. फक्त पायाजवळची पिशवी फाटली आणि जहाजं रस्त्यावर घरंगळत गेली.

आजोबा उतरले. स्कूटर स्टँडवर लावली, ओरखडा बघितला, रुमालानं पुसून परत बघितला. मग म्हणाले, "आपण थांबलात म्हणून मी निघालो. आपण निघालात म्हणून मी थांबलो. आता यात चूक कोणाची, ते आपणच सांगा."

मी मागून उतरून काकड्या गोळा करत होतो. मला वाटलं ताई नेहमीसारखी सॉरी सॉरी म्हणेल आणि विषय संपेल. पण ती गाडीवर बसूनच विचार करायला लागली. खरोखर, समोर टेबल असल्यासारखी.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या डावीकडून आलात. वाट तुम्ही द्यायची होती. मी सरळ जायला हवं होतं."

"म्हणजे चूक आपली, आणि थांबायचं मी?"

"हो."

"असा नियम आहे?"

"उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. रस्त्यावर आहे आणि समुद्रावर पण आहे."

आजोबांनी चौकात चारी बाजूंना बघितलं. "समुद्र कुठं आला आता शुक्रवारात," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "आणि नियम आपल्याला ठाऊक होता, तर गेला का नाहीत?"

ताईनं गाडी जरा मागं घेतली. आजोबांनी किक मारली, ती लागेना, परत मारली. निघताना म्हणाले, "ठाऊक असेल तर जात चला. आमच्यासारख्यांना उगाच संभ्रमात टाकू नका." आणि ते गेले, अर्थात चौक आडवा कापून, उजवीकडं न बघता.

ताईनं गाडी कडेला घेतली. मी पिशवीला गाठ मारली. एक काकडी चाकाखाली येऊन मोडली होती, ती तिनं पुसून खायला घेतली, अर्धी मला दिली. खाता खाता म्हणाली, "मला वाटायचं मी थांबले की समोरचा वाचतो."

"आणि?"

"मी थांबले की त्याला कळतच नाही मी काय करणारे."

मी काहीतरी विनोद करणार होतो, पण तोंडात काकडी होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं काही राहिलं नाही. ओट्यावर काकड्या, आणि माझ्या तोंडात पप्पा. चहात साखर घातलीस? नक्की का? दाराला कडी लावलीस? नक्की का? आज बुधवार आहे? नक्की का? आधी ती प्रत्येक वेळी जाऊन कडी बघून यायची. मग जायची, पण शिव्या देत जायची. मग बसल्या जागेवरून नुसती शिवी द्यायला लागली. मला अभ्यास चांगला चाललाय हे शिव्यांवरून कळत होतं.

पण सगळं हलायचं नाही एवढ्यावर संपत नव्हतं. ताईनं मला नियमाचा पुढचा भाग शिकवला, तो जास्त अवघड आहे. दुसरा वाट देत नाहीये असं दिसलं तर गप्प बसून धडक खायची नाही. आधी पाच छोटे भोंगे वाजवायचे. त्याचा कायद्यातला अर्थ साधारण असा की तुमचं काय चाललंय ते मला कळत नाहीये. मी म्हटलं, म्हणजे "अहो, लक्ष कुठाय?" ती म्हणाली, तेच. तरी तो ऐकेना, तर मग आपण स्वतः वळायचं, पण डावीकडं नाही. माझा हक्क होता, असं म्हणत धडकलेल्याला कायदा सोडत नाही. म्हणजे तू धरायचं पण, आणि सोडायचं पण, आणि कधी ते कुणी सांगणार नाही. मी विचारलं, मग कळणार कसं? ताई म्हणाली, त्याच्यावरून नजर काढायची नाही. तो पुढं-मागं सरकताना दिसतोय का, का जवळ येत असूनही त्याच दिशेला दिसतोय, ते बघत राहायचं; त्याच दिशेला राहिला तर धडक ठरलेली.

भोंग्याचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. जहाजाचा भोंगा पोटातून काढावा लागतो. मला तो इतका चांगला जमला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उत्तर द्यायला लागला. पाचव्या भोंग्याला खालचे काका वर आले आणि त्यांनी फार सभ्यपणे विचारलं की आपल्याकडं कोणी आजारी आहे का.

ऑरल्सच्या दिवशी ताई पहाटेच्या बसनं गेली. पांढरा शर्ट मी इस्त्री केला होता, एका बाहीवर दोन घड्या पडल्या, पण ती काही बोलली नाही. यावरून ती किती घाबरली होती हे समजावं. माझी सकाळची शिफ्ट होती. आमच्याकडं फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी दिवसभर राउटर चालू-बंद करत होतो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होतो. एका माणसाला मी तीनदा विचारलं की दिवा हिरवा झालाय का, नक्की का, आणि तो रडकुंडीला येऊन म्हणाला की आता मलाच माहीत नाही. ब्रेकमध्ये मोबाइल बघितला. काही नव्हतं. फोन लावला तर बंद.

घरी आलो तर ताई जिन्याच्या पायरीवर बसली होती. किल्ली माझ्याकडं होती. बूट काढून शेजारी ठेवलेले, टाय पर्समध्ये कोंबलेला, हातात खारे शेंगदाणे. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं. ती म्हणाली, बस आधी.

परीक्षक यावेळी वेगळा होता. बारीक, शांत, गालावर हात ठेवून बसणारा. आधी जहाजांचे दिवे विचारले, पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोया विचारल्या, ते सगळं झालं. मग त्यानं दोन जहाजं मांडली. डावीकडून येणारं. ताईनं सांगितलं, दिशा आणि वेग कायम. आणि तिनं मनात पप्पांची तयारी केली.

"आणि तो काही बोललाच नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"शुअर नाही, व्हाय नाही, काहीच नाही. नुसता माझ्याकडं बघत बसला. आणि एका बोटानं त्याचं जहाज हळूहळू पुढं सरकवत राहिला."

मी तिला सगळे आवाज करून दाखवले होते. हेडमास्तर, स्टँडवरचा माणूस, पप्पा, भोंगा. गप्प बसलेल्या माणसाची नक्कल मी आयुष्यात कधी केली नाही, मला ती येतच नाही. म्हणजे माझी सगळी मेहनत तिथं पाण्यात. मी विचारलं, मग तू काय केलंस?

"मी पण गप्प बसले."

जहाज जवळ येत होतं. ताई त्याच्यावरून नजर काढत नव्हती. एका ठिकाणी ती म्हणाली, पाच छोटे भोंगे. परीक्षकानं मान हलवली नाही, बोट थांबवलं नाही. अजून थोडं सरकलं. ती म्हणते, तेव्हा वेग कमी करते म्हणायला तोंड उघडलं होतं, जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. आणखी थोडं सरकल्यावर म्हणाली, आता तो वाट देत नाही, मी वळते, उजवीकडं. आणि स्वतःच्या हातानं आपलं जहाज उजवीकडं वळवलं, त्यानं न सांगता.

परीक्षकानं दोन्ही जहाजं उचलून डब्यात ठेवली आणि पुढच्याला आत पाठव म्हणाला. बस. पास की नापास तेही नाही. ते तिला बाहेर क्लार्कनं सांगितलं, शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर.

"काय सांगितलं?"

ताईनं एक शेंगदाणा तोंडात टाकला. आमच्या घरात वाट बघायला लावायचा हक्क फक्त माझा होता, तो तिनं त्या दिवशी वसूल केला.

"झाले," ती म्हणाली.

मी जिन्यातच भोंगा वाजवला. यावेळी एकच, पण लांब. खालचा कुत्रा भुंकला, काकांनी दार उघडलं, आणि ताईनं त्यांना काही विचारायच्या आधीच मूठभर शेंगदाणे दिले.

वर आल्यावर पप्पांना फोन लावला, स्पीकरवर. पप्पा कुणाचाही फोन उचलला की आधी जयभीम म्हणतात, मग नाव विचारतात, पोरीचं असलं तरी. ताईनं सांगितलं की झाले पास, आणि ती खराडीची नोकरी आता घेत नाही. पप्पा एवढंच म्हणाले, बरं झालं. मग विचारलं की म्हणजे आता कॅप्टन का? ताई म्हणाली, नाही पप्पा, लगेच नाही, परीक्षेचं नाव सेकंड मेट असलं तरी सुरुवात थर्ड ऑफिसरपासून. वर सेकंड ऑफिसर, त्याच्यावर चीफ ऑफिसर, मग मास्टर. पप्पांनी मनात मोजलं असावं.

"मग तुझ्या हातात काय असतंय?"

"वॉच असतो. ठरलेले तास जहाज मी बघायचं. सकाळी एकदा, रात्री एकदा."

"आन् मास्तर कुठं असतोय तवा?"

"खाली, त्याच्या केबिनमध्ये. काही झालं तर मी त्याला बोलावते."

"झोपला असला म्हंजे?"

"झोपला असला तर झोपू दे. तोवर जहाज माझं."

तिकडून लांबून त्यांचा आवाज आला, फोन बाजूला धरून ते मम्मीला हाक मारत होते. "अगं, इकडं ये. मास्तर झोपला की सगळं जहाज हिच्याकडं असतंय म्हणं."

मम्मी चुलीपाशी असावी, भांड्याचा आवाज आला. ती म्हणाली, "मग तिला म्हणावं, आधी जेव."

ताईनं फोन ठेवला. मी काकड्या किसायला घेतल्या आणि ती पाय पसरून भिंतीला टेकून बसली, आणि मीठ बेतानं घाल म्हणून तिनं मला ऑर्डर दिली.